एक अंगठा, दोन नावं

झुंबरबाई चौगले शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं दोन बायका होऊन राबली. वर्षातले सहा महिने ती झुंबरबाई आकाराम चौगले असायची आणि उरलेले सहा महिने बायडाबाई केरबा चौगले. हात तेच, लुगडं तेच, भाकरी बांधायचं फडकंही तेच. बदलायचं ते फक्त कागदावरचं नाव. आता कुणी शहाणा म्हणेल, ही तर सरळसरळ फसवणूक झाली. म्हणू दे बापडा. पण म्हणण्याआधी त्यानं एकदा सकाळी सात वाजता फडक्यात भाकरी बांधून कारखान्याच्या गेटाबाहेर उभं राहून बघावं, आणि मग तोंड उघडावं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. त्या वर्षांत असं करणारा तो काही एकटा नव्हता, मग एकट्यालाच कशाला टांगायचं?

गोष्ट त्र्याण्णव सालची. झुंबरबाईचा नवरा आकाराम मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हमाल होता. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहता वाहता एक दिवस पाय सरकला, पाठीवरचा रवा घेऊन माणूस फरशीवर आदळला आणि कंबर गेली ती गेलीच. माणूस धड उठेना, धड बसेना. घरात दोन लहान पोरी. त्याच घरात थोरली जाऊ, बायडाबाई. तिचा नवरा केरबा तीन वर्षांमागं वारला होता, आणि पदरात अकरा-बारा वर्षांचा विजयसिंह. म्हणजे दोन बायका, तीन पोरं, एक अंथरुणाला खिळलेला माणूस आणि दारात एक म्हैस. कमावतं कोण, तर कोणी नाही.

दोघी जावा चुलीपुढं बसल्या आणि त्यांनी वाटणी केली. वाटणीला तिथं होतंच काय? वाटणी केली ती कामाची. बायडाबाई म्हणाली, "तू ताठ हायस, तू भायेर जा. घर मी बघतो. पोरं, म्हस आन भावजी, तिन्ही माझ्याकडं." तिकडच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी बघतो. 'भावजी' म्हणजे तिचा दीर आकाराम. झुंबरबाईनं मान हलवली. एवढ्या दोन वाक्यांत त्या घराची पुढची अकरा वर्षं ठरून गेली, आणि त्याचा कागद काही कुणी केला नाही.

चार दिवस झुंबरबाई गेटागेटानं हिंडली. एका गेटावर वॉचमन म्हणाला, शिकलेल्या बायका पाहिजेत. दुसऱ्यानं विचारलं, ओळख कुणाची? तिसऱ्यानं तर नुसता हात हलवला, कुत्रं हाकलल्यासारखा. चौथ्या दिवशी शेजारच्या एका म्हातारीनं तिला कानमंत्र दिला. "ही बघ, जमंल का म्हणून इचारलं की जमतंय म्हणायचं. शिकायचं मागनं. न्हाई म्हणाऱ्याला कोण दारात उभं करत न्हाई." नोकरी शोधणाऱ्याला याहून शहाणपणाचं कुणी काही सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पाचव्या दिवशी पिराजी मुकादम भेटला. कारखान्याला बायका पुरवायचं कंत्राट त्याच्याकडं होतं. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वाळूत काम हाय. उभ्यानं. जमंल?"

"जमतंय की!" झुंबरबाई म्हणाली. वाळू म्हणजे कसली वाळू, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती होती कोअर शॉपची वाळू. कारखान्यात पाण्याच्या पंपांचं ओतकाम चालायचं. पंपाच्या आतून पाणी फिरतं, त्या लोखंडाच्या पोटात पोकळी असते. ती पोकळी आधी वाळूची करायची असते. बारीक वाळूत काकवी कालवायची, लाकडी पेटीत ठासून भरायची, अलगद काढायची आणि भट्टीत भाजायची. असे दोन अर्धे भाग चिकटवले की झाला कोअर. तो साच्यात ठेवून भोवती लोखंड ओततात. लोखंड थिजलं की कोअर फोडून झाडून टाकतात. थोडक्यात, दिवसभर मरमर करून जे बनवायचं, ते दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस हातोडीनं फोडणार. झुंबरबाईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली आणि मग म्हणाली, "मग आमच्या भाकरीचं काय येगळं हुतंय?"

तिथला मिस्त्री भीमाप्पा. हा सदलग्याकडचा माणूस, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायचा आणि सगळ्या बायकांना 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. तोंडानं फाटका, पण कुणाच्या वाईटावर नसायचा. त्यानंच तिला मुख्य गोष्ट शिकवली. दोन भाग चिकटवले की मधे सांध्याची रेघ उरते. ती तशीच राहिली तर पंप गळतो. बाकीच्या बायका कानस मारायच्या. कानशीनं वाळू जास्त जायची, कोअर वाया जायचा, आणि मग भीमाप्पाच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"कानस ठेव, तंगी. अंगठा लाव," तो म्हणाला. "कानशीला डोळं न्हाईत. अंगठ्याला हाईत."

तिनं उजवा अंगठा लावला. हळूहळू घासत गेली. सांधा कुठं होता ते हुडकून सापडेना. भीमाप्पानं तो कोअर उचलून सगळ्या बायकांना दाखवला, "हे बघा, असं पायजे!" आणि झुंबरबाईला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार आनंदही झाला. जन्मात पहिल्यांदा तिच्या कामाला कुणी 'असं पायजे' म्हणालं होतं. त्या दिवसापासून सांध्याचं काम तिच्याकडं लागलं ते कायमचं. दिवसाला दीड-दोनशे कोअर, सगळे अंगठ्यानं घासायचे.

सहा महिने झाले, आणि एका संध्याकाळी पिराजी म्हणाला, "उद्यापासनं येऊ नगंस."

"माझं काय चुकलं वो, मुकादम?"

"चुकलं काय न्हाई. वर्सात दोनशे चाळीस दिवस भरलं की बाईला कायम करायला लागतंय. म्हणून भरू देत न्हाईत. ह्येला ब्रेक म्हणत्यात."

"आन मग मी खायचं काय?"

पिराजीनं इकडंतिकडं बघितलं. "घरात दुसरं बाईमाणूस हाय का? तिचं नाव दे. नाव नवं, बाई नवी. तू मातूर हीच की. भीमाप्पाबी सोडत न्हाई तुला."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. झुंबरबाईनं घरी येऊन थोरल्या जावेला विचारलं. बायडाबाई म्हशीची धार काढत होती, तिनं मानही वर केली नाही. "घे की. माझं नाव तसं बी कोण इचारतंय?"

आणि मग तसंच चालू झालं. सहा महिने झुंबरबाई, सहा महिने बायडाबाई. दर महिन्याला पगाराच्या पत्रकावर ज्या नावाची पाळी असेल त्याच्यापुढं अंगठा उठवायचा. सुरुवातीला एकदा टाइमकीपरनं "बायडाबाई!" म्हणून तीनदा पुकारलं आणि ही ढिम्म उभी राहिली. त्या दिवसाचा खाडा लागला. पुढं सवय झाली. बायका चिडवायच्या, "आज कोण आल्याय गं? थोरली का धाकटी?" ही म्हणायची, "धाकटी राबतीया, थोरली पगार घेतीया." सगळ्या हसायच्या. हसण्यावारी गेलं की टोचत नाही, एवढंच.

नव्या बायका आल्या की झुंबरबाई त्यांना पदराखाली घ्यायची. हातातल्या काचेच्या बांगड्या काढून फडक्यात बांधून ठेव. नाकातोंडाला पदर नव्हे, ओलं फडकं बांध. भट्टीजवळनं आल्या आल्या पाणी पिऊ नकोस. मिस्त्री वरडला तर लगेच उत्तर देऊ नकोस, त्याचं वरडणं संपू दे, मग सांग. कुणी फार गोड बोलायला लागलं तर त्याच्या बायकोचं नाव काढ. चुकलं तर आपणहून सांग, दुसरीच्या कोअरमागं लपवू नकोस. असं बरंच काही ती सांगायची, आणि ते सगळं खरं होतं. एक गोष्ट मात्र तिनं कधी कुणाला सांगितली नाही, की बाई, इथं आपलं स्वतःचंच नाव लाव. ते तिलाच कुणी सांगितलं नव्हतं.

इकडं घरी बायडाबाईनं काय केलं, तर तीन पोरं वाढवली. आकारामला रोज कुशीवर वळवलं, त्याचं सगळं काढलं. म्हैस सांभाळली, दूध डेअरीला घातलं. पहाटे उठून झुंबरबाईची भाकरी बांधून दिली, अकरा वर्षं, एक दिवस न चुकता. धाकटी पोरगी तर आईला सोडून बायडाबाईलाच आई म्हणायला लागली. झुंबरबाईला त्याचं वाईट वाटायचं, पण कुठल्या तोंडानं बोलणार?

दोन हजार तीन साली दोन गोष्टी एकदम झाल्या. कारखान्यात कोअर बनवायची यंत्रं यायची ठरली, आणि युनियननं भांडून एक करार केला. करार असा, की ज्या बायकांचे कुठल्याही एका वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असतील, त्यांना कायम करून यंत्रावर घ्यायचं. बाकीच्यांना दिवाळीनंतर रजा. म्हणजे कायमची रजा.

गेटावर यादी लागली. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या एका बाईनं बोट फिरवत वाचलं. झुंबरबाई आकाराम चौगले, एकशे एक्कावन्न दिवस. बायडाबाई केरबा चौगले, एकशे सेहेचाळीस दिवस. दोन्ही अपात्र. पोटात दुखलं तरी वर्षभर कामावर आलेली बाई, आणि कागद म्हणत होता की तिथं दोन आळशी बायका होत्या. झुंबरबाई तिथंच गेटाच्या कट्ट्यावर बसली.

तिचं वय सत्तेचाळीस. थोरली पोरगी बारावीला, धाकटी नववीत, नवरा अंथरुणात. दिवाळीनंतर या वयाच्या बाईला दुसऱ्या कुठल्या गेटात घेणार होते? हे काम गेलं असतं तर पोरींची शाळा गेली असती, एवढा साधा हिशेब होता तो.

युनियनची वकीलीण अनुजा ही राजारामपुरीतली तरुण मुलगी. स्कूटरवरनं यायची आणि म्हाताऱ्या कामगारांनाही 'मामा' म्हणून गप्प करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "मावशी, पगाराच्या पत्रकावर दोन्ही नावांपुढं अंगठा तुमचाच ना?"

"माझाच की. दुसऱ्या कुणाचा आसणार?"

"मग झालं! दोन नावं असतील, पण अंगठा एकच आहे. बाई एकच आहे असं ठरलं की दिवसांची बेरीज होते. ते कारखान्याला नाकारता येत नाही."

झुंबरबाईला वाटलं, जोतिबाच पावला. तिनं तिथल्या तिथं डोंगराकडं तोंड करून हात जोडले. अर्ज झाला. कामगार खात्याच्या कचेरीत सुनावणीची तारीख पडली. कारखान्यानं अकरा वर्षांची पत्रकं घेऊन यायचं, असं ठरलं.

तिनं भीमाप्पालाही विचारलं, साक्षीला येशील का म्हणून. तो हातातली पेटी पुसत राहिला. मग म्हणाला, "तंगी, रिटायर व्हायला माझी दोन वर्सं ऱ्हायल्यात. मला बोलावू नको." ती त्याच्यावर रागावली नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी येऊन 'साक्षीला जाऊ का' म्हणून विचारलं असतं, तर तिनंही 'नको जाऊस' असंच सांगितलं असतं.

सुनावणीला दहा दिवस राहिले असताना कारखान्याचा एक साहेब घरी आला. झुंबरबाईला भेटायला नव्हे, बायडाबाईला. खुर्ची नव्हती, तर पोत्यावर बसला, दूध घातलेला चहा प्यायला. म्हैस बघून चांगली आहे म्हणाला. आणि उठता उठता त्यानं मुद्द्याला हात घातला. बायडाबाईनं कचेरीत एवढंच सांगायचं, की त्या सहा महिन्यांत आपण स्वतः कामाला जात होतो. बास. तिच्या विजयसिंहाला नव्या यंत्रावर ट्रेनी म्हणून घेतलं असं समजायचं. पुढच्या महिन्यापासून.

विजयसिंह बावीस वर्षांचा झाला होता. आयटीआयमधून फिटर झालेला. दोन वर्षं तो सर्टिफिकेटांची फाइल सायकलच्या कॅरियरला लावून हिंडत होता, गोकुळ शिरगावपासून शिरोलीपर्यंत. सगळीकडं एकच प्रश्न, अनुभव आहे का? अरे, कामावर घेतल्याशिवाय अनुभव काय आभाळातनं पडतो? हल्ली तो जेवताना वर बघायचा नाही. बायडाबाई त्याच्या ताटात भात वाढायची आणि तो 'पुरे' म्हणून उठायचा.

संध्याकाळी झुंबरबाई कामावरून आली. बायडाबाईनं लपवाछपवी केली नाही. साहेब काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. झुंबरबाई काय बोलणार? 'आक्का, खरं सांग' म्हणावं, तर पोराच्या ताटात माती कालवल्यासारखं. 'साहेब म्हणतो तसं कर' म्हणावं, तर आपल्या पोरींच्या ताटात. आपलेच दात नि आपलेच ओठ. ती एवढंच म्हणाली, "आक्का, तुला काय वाटंल ते कर." आणि ते खोटं होतं. तिला वाटत होतं, बायडाबाईनं तिच्या बाजूनं उभं राहावं. हे तोंडावर यायला लाज वाटत होती, कारण अकरा वर्षं या बाईकडून घेतच आली होती ती.

पुढचे दहा दिवस दोघी एका चुलीवर राबल्या, पण कामापुरतंच बोलल्या. बायडाबाईनं काय ठरवलंय ते तिनं कुणाला सांगितलं नाही. विजयसिंहालाही नाही.

सुनावणीच्या दिवशी दोघी एकाच बसनं कोल्हापुरात आल्या, वेगवेगळ्या बाकांवर बसून. कचेरीत एक लांबोडं टेबल होतं. एका बाजूला कारखान्याचा वकील आणि पुढ्यात पत्रकांचे गठ्ठे. दुसऱ्या बाजूला अनुजा. मधे अधिकारी, पिकल्या केसांचे, फारसं न बोलणारे गृहस्थ. बायडाबाई कारखान्याच्या बाजूच्या बाकावर बसली, कारण तिला साक्षीला त्यांनीच बोलावलं होतं. झुंबरबाईनं ते बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

अधिकाऱ्यांनी आधी झुंबरबाईचा अंगठा मागितला. शाईच्या पॅडवर दाबून तिनं कागदावर उठवला. कागदावर काळा गोळा उमटला. "शाई जास्त झाली," ते म्हणाले. पुन्हा उठवला. पुन्हा गोळाच. त्यांनी तिला साबणानं हात धुवून यायला सांगितलं. ती धुवून आली, पदराला घासून कोरडा केला. तिसऱ्यांदा उठवला. अधिकाऱ्यांनी भिंग घेऊन बघितलं, मग तिचा हात आपल्या हातात घेऊन उजेडाकडं वळवला.

"बाई, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत."

कारखान्याचा वकील हसला. "साहेब, जिला स्वतःचा अंगठा नाही, ती दोन नावांवर हक्क सांगायला आलीय."

झुंबरबाईनं अंगठ्याकडं बघितलं. तिनं तो आजवर कधी असा बघितलाच नव्हता. कशाला बघेल? गुळगुळीत होता, भट्टीतनं काढून घासलेल्या कोअरसारखा. अकरा वर्षं रोज दीड-दोनशे सांधे घासले होते त्यानं, आणि सांध्यांबरोबर तोही घासला गेला होता. तिचं अकरा वर्षांचं काम त्या अंगठ्यावर होतं, आणि तोच अंगठा आता तिला ओळख देत नव्हता. तिला एकदम फार राग आला, कारखान्याचा नव्हे, स्वतःचा. भीमाप्पानं 'असं पायजे' म्हटलं म्हणून आपण किती हुरळलो! कानस मारली असती तर काय बिघडलं असतं? अनुजा नुसते कागद उलटेपालटे करत होती.

मग बायडाबाईला पुढं बोलावलं.

वकिलानं विचारलं, "तुम्ही बायडाबाई केरबा चौगले?"

"व्हय."

"सदर कारखान्यात तुम्ही दर वर्षी सहा महिने काम करत होता. बरोबर?"

दाराशी विजयसिंह येऊन थांबला होता. तो कधी आला ते कुणालाच कळलं नव्हतं. बायडाबाईनं त्याच्याकडं बघितलं, झुंबरबाईकडं बघितलं आणि मग उजवा हात टेबलावर ठेवला.

"माझा अंगठा घ्या."

"बाई, विचारलंय त्याचं उत्तर द्या," वकील म्हणाला.

"त्येच देतोय की! आधी अंगठा तर घ्या."

अधिकाऱ्यांनी पॅड पुढं सरकवलं. बायडाबाईनं अंगठा उठवला. एक एक रेघ निराळी दिसावी असा स्वच्छ ठसा उमटला. भिंगाची गरजच नव्हती.

"आता बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या कचेरीत घुमला. कोल्हापूरच्या बाईला हळू बोलता येतं कुठं? "मी शेणात हात घातला, पिठात घातला, दिराच्या घाणीत घातला. त्या वाळूत न्हाई घातला. म्हणून माझ्या अंगठ्याला रेघा हाईत. आता तुमच्या बुकात माझ्या नावाम्होरं काय हाय ते काढा. ह्यो असला अंगठा घावला तर मी कामाला जात हुतो म्हणून सांगतो."

अधिकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाचं पत्रक ओढलं. बायडाबाई केरबा चौगले, आणि पुढं काळा गोळा, एकही रेघ नसलेला. त्यांनी वरच्या महिन्याचं बघितलं, तिथंही गोळा. मग त्यांनी सगळे गठ्ठे सोडायला सांगितले आणि वर्षावार लावून घेतले. त्र्याण्णवच्या पत्रकावर झुंबरबाईच्या नावापुढचा ठसा चांगला ठळक होता. पुढच्या सहा महिन्यांत बायडाबाईच्या नावापुढं तोच, थोडा फिका. मग झुंबरबाई, आणखी फिका. मग पुन्हा बायडाबाई, मधल्या रेषा गेलेला. नावं आलटूनपालटून येत होती आणि खाली एकच अंगठा पान पान झिजत चालला होता. दोन हजारच्या सुमाराला तो पुरता गुळगुळीत झाला. अधिकाऱ्यांनी पहिल्या दोन वर्षांचे ठसे तज्ज्ञांकडं ताडून बघायला पाठवतो असं लिहून घेतलं, आणि भिंग खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "पाठवतो ते नियम म्हणून."

बाहेर आल्यावर विजयसिंह दिसला नाही. तो सायकल घेऊन निघून गेला होता.

चार महिन्यांनी हुकूम आला. दोन्ही नावांचे दिवस एकत्र धरून झुंबरबाई आकाराम चौगले हिला कायम करावं, असा. विजयसिंहाला अर्थातच कुणी बोलावलं नाही. तो त्याआधीच भोसरीला गेला होता, कुणाच्या तरी ओळखीनं, कंत्राटावर. जाताना आईच्या पाया पडला, पण बोलला नाही. पोस्टकार्डही आलं नव्हतं. बायडाबाई रोज पोस्टमन गेला की दारातनं आत यायची.

हुकूम घेऊन झुंबरबाई संध्याकाळी घरी आली. येताना तिनं पावशेर पेढे आणले होते. आकारामच्या हातावर एक ठेवला, पोरींना दिला, आणि पुडा घेऊन चुलीपाशी गेली. बायडाबाई परात घेऊन बसली होती. झुंबरबाईनं पुडा खाली ठेवला आणि तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकली. बायडाबाईनं पाय मागं घेतले.

"पाया कशाला पडतीस? खरं हुतं ते सांगितलं."

"आक्का, तू हुतीस म्हणून झालं. तुझं उपकार—"

"उपकार ऱ्हाऊ दे." बायडाबाईनं परातीतल्या पिठात पाणी घातलं. तिला राग आलेला नव्हता. बोलली ती अगदी सावकाश. "तुझं अकरा वर्साचं काम दोन दोन नावांनी लिवून निघालं. लई बरं झालं. तुझ्या हक्काचंच हुतं. पर झुंबर, त्याच अकरा वर्सांत मीबी राबलोच की गं. माझा एकबी दिवस कुठं लिवल्याला न्हाई. माझा अंगठा कुणी कवा मागितलाच न्हाई. मागितला तो त्या दिवशी, आन तोबी मी काय केलं न्हाई ते दाखवायला."

हुकमाचा कागद झुंबरबाईच्या हातात होता, तो कुठं ठेवावा ते तिला सुचेना. ती तशीच जावेशेजारी जमिनीवर बसली, आणि बायडाबाईनं पहिली भाकरी थापायला घेतली.